पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशसाठी नदीकाठी घ्यावयाची काळजी

इंग्लंडमधील नदीत किंवा ओढ्यात उतरणाऱ्याने, मग तो गळ टाकणारा असो वा होडी वल्हवणारा, घरून निघण्यापूर्वीच बूट, जाळी आणि दोर पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी. तेथील मूळचा पांढऱ्या नांगीचा क्रेफिश, म्हणजे शेवंडाचा गोड्या पाण्यातला छोटा भाऊबंद, आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. 1970च्या दशकात खाण्यासाठी पाळायला म्हणून उत्तर अमेरिकेतून आणलेला सिग्नल क्रेफिश तळ्यांतून निसटला, आणि त्याच्यासोबत बुरशीसारख्या जीवामुळे होणारा 'क्रेफिश प्लेग'ही पसरला; सिग्नल तो बहुधा पचवतो, मूळचा क्रेफिश मात्र सरसकट मरतो. या रोगाचे बीजाणू ओलाव्यात तग धरतात, त्यामुळे जिथे सिग्नल पोहोचलेला नाही तिथेही हा रोग आपल्या बुटांवरून पोहोचू शकतो.

पाण्याबाहेर येताच चिखल व शेवाळ तिथेच झाडून टाकावे. घरी सामान गरम पाण्याने धुताना बुटांच्या शिवणी आणि जाळ्याच्या गाठी विसरू नयेत, कारण ओल नेमकी तिथेच राहते. सामान पूर्ण सुकल्यावरही किमान 48 तास ते दुसऱ्या पाण्यात नेऊ नये. पाण्यात खेळलेला कुत्राही धुऊन कोरडा करावा.

ओळख नांगीच्या खालच्या बाजूवरून पटते. सिग्नलची ती बाजू लाल असते, आणि नांगीच्या सांध्यावर पांढरट किंवा निळसर ठिपका दिसतो. मूळच्या क्रेफिशची खालची बाजू मळकट पांढरी ते फिकट गुलाबी असते. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगड उलटून खेकडे धरलेल्यांचे हात इथेही शिवशिवतील, पण मूळचा क्रेफिश परवान्याविना पकडणे 1981च्या कायद्याने गुन्हा आहे. सिग्नल पकडून खाल्ला की प्रश्न मिटेल, हा तर निव्वळ भ्रम: सापळ्यांत मुख्यतः मोठे क्रेफिश अडकतात आणि त्यांच्या तावडीतून सुटलेली पिल्ले फोफावतात. शिवाय सापळा लावायलाही परवानगी लागते, आणि पकडलेला सिग्नल दुसऱ्या पाण्यात सोडणे बेकायदेशीर आहे.

क्रेफिश एरवी रात्री बाहेर पडतो. तो भर दिवसा उघड्यावर, पाय ताठ करून अडखळत चालताना दिसला किंवा एकाच जागी अनेक मेलेले आढळले, तर पाण्यात न उतरता एन्व्हायर्नमेंट एजन्सी या इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेला नेमके ठिकाण, तारीख आणि शक्य झाल्यास काठावरून काढलेला फोटो पाठवावा.