निळ्या डब्यांचे फोटो काढायला निघताना

गेल्या जुलैत बेळगाव-लोंढा मार्गावरच्या गुंजी स्टेशनात मी मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरचे साठ-सत्तर फोटो काढले. पावसाची भुरभुर होती, मागे झाडीवरून धुकं उतरलं होतं आणि सिग्नल न मिळाल्यामुळे गाडी चांगली दहा मिनिटं उभी होती. शेवटून दुसरा डबा जुना, आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या डबे कारखान्याच्या धाटणीचा. दाराच्या कडेला निळ्या रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि खिडकीच्या गजांभोवती एका आजीची बोटं, हिरव्या बांगड्यांसकट. घरी आल्यावर फोटो आमच्या गल्लीतल्या काकांना दाखवले. ते रेल्वेत कॅरेज-वॅगनला फिटर होते. त्यांनी एकेक फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "छान आलाय रे, पण डब्याचा नंबर कुठाय?"

साठ-सत्तर फोटोंत एकातही नव्हता. इंजिनाचा नंबर होता, स्टेशनची पिवळी पाटी होती, आजीच्या बांगड्या होत्या. तो डबा कधीचा, कुठला, हे सांगणारी एकच गोष्ट माझ्या चौकटीबाहेर राहिली. गाडी समोर दहा मिनिटं उभी असताना. यंदा पावसाळ्यात खानापूर-लोंढा बाजूला कोणी निघणार असेल तर हे वाचून निघा.

कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी, कार्ड, छत्री हे सांगायला नको. छत्रीबद्दल मात्र थांबून सांगतो. या मार्गावर आता विजेच्या तारा आहेत आणि तारेत २५,००० व्होल्ट असतात. प्लॅटफॉर्मवर छत्री उघडायला हरकत नाही, पण पादचारी पुलावरून छत्री, सेल्फी स्टिक किंवा कॅमेऱ्याचा स्टँड तारेच्या दिशेने पुढे काढू नका. हात लागायची गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसतो. रेनकोट घाला, हात मोकळे राहतात.

आता वही. मोबाइलमध्ये लिहू असं म्हणू नका, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. खिशात मावेल अशी छोटी वही आणि शिसपेन्सिल घ्या, पेनची शाई पावसात पसरते. वही प्लास्टिकच्या पिशवीत. आदल्या रात्रीच पानावर रकाने आखून ठेवा: तारीख, वेळ, स्टेशन, गाडी कुठून कुठे, इंजिनाचा नंबर, डब्याचा नंबर. शेवटच्या रकान्याखाली दोन रेघा मारा.

डब्याच्या नंबराचा एवढा आग्रह का, तर तो वाचता येतो म्हणून. डब्याच्या बाजूला पाच-सहा आकडे रंगवलेले असतात. पहिले दोन म्हणजे डबा बनला ते साल. पुढचे तीन डब्याचा प्रकार सांगतात: २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० साधा जनरल, ७०१ ते ८०० गार्ड-लगेजचा डबा. म्हणजे ०३४५२ दिसलं तर २००३ सालचा जनरल डबा. या डब्यांचं आयुष्य २५ वर्षांचं धरतात आणि चेन्नईच्या आयसीएफने २०१८ पासून ते बनवणं बंद केलंय, आता त्यांच्या जागी एलएचबी या नव्या धाटणीचे डबे बनतात. नंबर मिळाला की त्या डब्याची किती वर्षं उरलीत ते तिथल्या तिथे कळतं. नंबर नसेल तर फोटोत नुसता एक निळा डबा आहे. तेवढ्यावर थांबू नका. डब्याच्या टोकाला, जिथे दोन डबे जोडतात त्या भिंतीवर, शेवटची मोठी दुरुस्ती कधी आणि कोणत्या वर्कशॉपात झाली ते बारीक अक्षरांत रंगवलेलं असतं. पीओएच अशी इंग्रजी अक्षरं शोधा. गाडी उभी असताना प्लॅटफॉर्मवरूनच थोडं तिरकं उभं राहून झूमने टिपा. त्यासाठी रुळावर उतरायचं नाही, दोन डब्यांच्या मध्ये डोकावायचंही नाही.

नियम एकदाच लिहितो. प्लॅटफॉर्म तिकीट घ्या, ते दोन तासच चालतं. त्यापेक्षा पुढच्या स्टेशनचं साधं तिकीट काढून गाडीतून जाणं परवडतं, आतले फोटोही मिळतात. स्टेशन मास्तरांना आधी भेटा, सकाळच्या गडबडीत नव्हे, गाडी जाऊन दहा मिनिटं झाल्यावर. रुळावरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॅसलरॉकहून दूधसागरकडे रुळावरून चालत जाणाऱ्या पोरांना दर पावसाळ्यात पकडतात, आणि ते बरोबरच आहे. घाटात वळणामागून येणारी गाडी पावसाच्या आवाजात ऐकू येत नाही. कोणी "सगळेच जातात की" म्हणालं तरी ऐकू नका. आणि बेळगाव स्टेशनाला लागूनच कॅम्प आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचा परिसर. कॅमेऱ्याचं तोंड तिकडे वळवायचं नाही, विषय संपला.

जागा. बेळगाव शहरातच काढायचे असतील तर टिळकवाडीच्या रेल्वे गेटांशी लोक आणि गाडी दोन्ही एका चौकटीत येतात: सायकलवरची शाळेची पोरं, दुधाचे कॅन, उघडायची वाट बघणाऱ्या स्कूटर. कपिलेश्वर पुलावरून गाडी वरून दिसते, पण वरून डब्याची छपरंच येतात, नंबर येत नाही, म्हणून तिथे एखादाच फोटो घ्या आणि खाली या. खरी मजा देसूरच्या पुढे. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा, हा सगळा रूळ जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण जातो, म्हणून सकाळी ऊन पूर्वेकडून डब्याच्या एका बाजूला पडतं आणि दुपारनंतर पश्चिमेकडून दुसऱ्या बाजूला. सकाळी गेलात तर पूर्वेच्या बाजूला उभे राहा. नाहीतर डबा काळा पडतो आणि काळ्यावरचा नंबर वाचता येत नाही. लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉककडे रूळ पश्चिमेला वळतो, तिथे हा हिशेब बदलतो. विजेचे खांब सगळीकडे आहेत. इंजिनाच्या तोंडावर खांब येणार नाही अशी जागा गाडी यायच्या आधीच बघून ठेवा.

कॅसलरॉकला जात असाल तर स्टेशनाकडे वेगळं लक्ष द्या. गोवा पोर्तुगीजांकडे होता तोवर, म्हणजे १९६१ पर्यंत, हे सीमेवरचं स्टेशन होतं. इथून गोव्यातल्या कुळेपर्यंत २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट, १:३७ चढाचा. वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. बँकर जोडताना-सोडताना गाडी उभी असते. तीच वेळ, त्याच वेळी नंबर. इंजिनांच्या आवाजाने भान हरपतं, माझंही हरपलं होतं, म्हणून सांगतोय: आधी डब्यांच्या बाजूने चालत जा, प्रत्येक जुन्या डब्याचा नंबर एकेका फोटोत घ्या, मगच इंजिनाकडे पळा. इंजिन तुम्हाला पुन्हा भेटेल. ते डबे कंडम झाले की भंगारात जातात, नाहीतर खिडक्या बंद करून मोटारी वाहायला लावतात. खिडक्या पत्र्याने झाकलेला असा एक डबा मी मिरजेच्या यार्डात पाहिलाय. तो आधी कुठल्या पॅसेंजरमध्ये होता, हे कोणाकडे नंबर असेल तरच कळणार.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. एसी गाडीतून लोंढ्याला उतरलात की लेन्सच्या काचेवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच ठेवून, बॅग बंद, अर्धा तास आधी एसीबाहेर काढा. पुसून उपयोग होत नाही, पुन्हा धरते. गाडी लांबून दिसली की शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा. फ्लॅश नको, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो. गाडी किती उशिरा आहे ते रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर घरूनच बघून निघा, जंगलात रेंजचा भरवसा नसतो. जेवणाच्या डब्यात भाकरी-चटणी, नाहीतर चिरमुरे. लोंढ्याला चहा मिळतो.

मिरज आणि हुबळी याच फेरीत बसवायचा मोह होतो. नको. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते, त्यांच्या खुणा शोधायला स्वतंत्र दिवस लागतो. हुबळीचं रेल्वे संग्रहालय उन्हाळ्यात करा. तिथली इंजिनं जागची हलत नाहीत.

घरी परत आल्यावर: कार्डातले फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा. वहीतले नंबर फोटोंशी जुळवा. फाइलला नाव देताना तारीख, स्टेशन, डब्याचा नंबर. दुसऱ्या दिवशी करू म्हणालात की राहिलं.

मी येत्या रविवारी पुन्हा गुंजीला चाललोय. काका म्हणालेत, बरोबर येतो. पापुद्रे सुटलेला तो डबा अजून त्याच गाडीला असेल तर या वेळी आधी नंबर, मग बाकी सगळं.