सोलापुरात धावायला सुरुवात करताना

सोलापुरात धावण्याची सवय लावून घ्यायची असेल, तर सुरुवात दिवाळीच्या आसपास करावी. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून १ जानेवारीला बूट चढवणाऱ्यांच्या हाती जेमतेम आठ-नऊ आठवडे लागतात, कारण फेब्रुवारी सरता सरता येथील ऊन तापू लागते आणि नुकती कुठे बसत आलेली घडी विस्कटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने शरीराला हळूहळू तयार करण्यासाठी पुरेसे असतात. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी, तसेच चाळिशी ओलांडलेल्या आणि अनेक वर्षे व्यायाम सुटलेल्या व्यक्तींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीनच दिवस धावावे आणि दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. पाच मिनिटे झपझप चालून झाल्यावर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम आठ वेळा करावा, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे सावकाश चालावे. हे वेळापत्रक कागदावर फारच किरकोळ दिसते व पहिल्याच आठवड्यात ते मोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. वेग किती असावा, हे ठरवण्यासाठी घड्याळाची गरज नाही. धावता धावता सोबत्याला ‘काल तुमच्याकडे पाणी आलं का, आणि आलं तर किती वाजता?’ हा सोलापूरकरांचा नेहमीचा प्रश्न एका दमात विचारता आला, तर वेग बरोबर आहे असे समजावे. प्रश्न मध्येच तुटला, तर वेग कमी करावा. बरगडीखाली कळ आली, तर चालू लागावे आणि श्वास लांब सोडावा; ती सहसा काही मिनिटांत जाते.

खरी अडचण दुसऱ्या महिन्यात येते, आणि ती प्रगतीच्याच रूपाने येते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, त्यामुळे धाप कमी लागते आणि आपल्याला आता सलग चार किलोमीटर सहज जमतील असा विश्वास वाटू लागतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध मात्र कितीतरी सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर वाढवत नेणाऱ्याची नडगी, टाच किंवा गुडघा याच टप्प्यावर दुखू लागतो. म्हणून एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी, अंतर किंवा वेग, आणि दर चौथ्या आठवड्याला दोन्ही थोडे कमी करावे.

नडगी दुखू लागली, तर घरी बसून एक साधी तपासणी करता येते. पाय सैल सोडून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्यापासून वर सावकाश दाबत न्यावा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सर्वत्र ठणका जाणवत असेल, तर तो बहुधा अतिश्रमाचा ताण असतो. धावणे निम्म्यावर आणून एक-दोन आठवडे मऊ मातीवर चालत राहावे. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी तीव्र वेदना होत असेल, किंवा रात्री अंथरुणातही तेथे दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता असते. अशा वेळी मलम चोळून पुन्हा धावू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

जागेच्या बाबतीत सोलापूर नवशिक्याला तसे अनुकूल आहे. गावाचा बराचसा भाग सपाट आहे, त्यामुळे चढांनी छाती भरून येण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलावाचा परिसर, विजापूर रस्त्यावरील वनविहार आणि होम मैदान येथे सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, आणि एकट्याने धावण्याचा संकोचही तेथे लवकर मावळतो. संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रेमुळे होम मैदान दुकाने आणि पाळण्यांनी भरून जाते, तेव्हा त्या काळात दुसरी जागा पाहून ठेवावी. होटगी किंवा अक्कलकोट रस्त्याकडे जाणाऱ्यांनी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे, आणि हंगामात उसाच्या ट्रॉलीपासून चांगलेच अंतर ठेवावे, कारण बाहेर आलेले ऊस अंधारात दिसत नाहीत. कुत्रे अंगावर आले, तर पळू नये. थांबून, त्याच्या डोळ्यांत न पाहता, चालत बाजूला व्हावे. चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

बुटांवर खर्च करावा, इतर गोष्टींवर नाही. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, मोज्यांसह घालून पाहावेत आणि अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा राहते याची खात्री करावी. जाड सुती बनियन घामाने जड होते आणि काखेत घासते. पातळ, लवकर वाळणारा सदरा बरा. अर्ध्या तासाच्या धावण्यासाठी आधी एखादे केळे पुरते, आणि शेंगाचटणीसह भाकरीचा बेत परत आल्यावर करावा.

फेब्रुवारीच्या अखेरीस बहुतेकांना आपली अधोगती सुरू झाल्यासारखे वाटते. त्याच वाटेला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात आणि छाती जास्त धडधडते. याला आळस कारणीभूत नसतो. शरीर थंड राखण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते, आणि तेवढेच काम करण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. उष्णतेची सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस वेग मुकाट्याने कमी ठेवावा.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि रस्त्याचे डांबर रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते, म्हणून या दिवसांत संध्याकाळी धावणे टाळावे. मे महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो, तेव्हा पाचलाच बाहेर पडून उन्हाआधी परतावे. घाम फार गेला असेल, तर नुसते पाणी ढोसत राहू नये. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात मिसळून घोट घोट घ्यावे, किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. डोके दुखणे, मळमळ किंवा अंगावर शहारा आल्यास ताबडतोब थांबून सावलीत बसावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा पावले अडखळू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा व्यक्तीच्या अंगावर भरपूर थंड पाणी ओतत, वारा घालत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये.

मे महिना पूर्ण विश्रांतीत गेला, तरी काही बिघडत नाही. जूनमध्ये पुन्हा उभे राहताना आधीच्या निम्म्या अंतरापासून सुरुवात करावी, आणि पहिल्या सरीनंतर काळ्या मातीच्या पायवाटांवर दोन-तीन दिवस जाऊ नये. ती माती बुटाच्या तळाला थापून बसते, पाऊल जड होते आणि घोटा मुरगळतो.