पॅकेज एसी (मोठ्या जागेचा तीन फेजचा एसी) पहिल्यांदा चालू करताय? आधी एवढं बघा भाऊ
नागपुरात मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, मग गच्चीवरचं युनिट चालू करायची घाई होते, पण आधी आयसोलेटर (युनिटचा मेन स्विच) ऑफ करून कुलूप लावा अन् तिन्ही फेज बंद आहेत का ते मल्टिमीटरनेच बघा, टेस्टरवर भरवसा नको. केबल, ब्रेकर युनिटच्या नेमप्लेटवर लिहिल्याप्रमाणे. अर्थिंग पक्कं. टर्मिनलचे स्क्रू सगळे परत आवळा, वाहतुकीत ढिले होतात अन् मग तिथंच जळते. फेज सिक्वेन्स (तिन्ही फेजचा क्रम) चुकला तर स्क्रोल कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा, एकाच दिशेनं चालणारा पंप) उलटा फिरतो, आवाज करतो, थंड काहीच करत नाही, तेव्हा सप्लाय बंद करून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. आणि क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा) असेल तर ही तपासणी झाल्यावर, कॉम्प्रेसर चालू करायच्या आधी, तो किमान १२ तास चालू ठेवा, मी तर २४ तास ठेवतो, नाहीतर तेलात मुरलेला गॅस फेस करतो अन् कॉम्प्रेसर जातो.