जुना डिशवॉशर: वरच्या रॅकमधली भांडी खरकटीच राहतात? आधी पाणी किती भरतंय ते बघा

न्यू जर्सीत नुकतंच घेतलेल्या घरात 1980च्या दशकातला डिशवॉशर आयताच मिळाला. चालायचा नीट, पण वरच्या रॅकमधल्या वाट्या खरकट्याच, पेल्यांवर पांढरट थर. पावडर बदलली, फिरत्या पात्यांची भोकं मोकळी केली, तळाची जाळी घासली. फरक शून्य. अगदी वैताग आला होता.

पाणी भरून थांबल्यावर दार उघडलं, तेव्हा उलगडा झाला: पाणी तळाच्या हीटिंग कॉइलपर्यंत पोचतच नव्हतं. फ्लोट, म्हणजे पाणी पुरेसं भरलं की वर उचलला जाऊन भरणं थांबवणारा तरंगता भाग, वर-खाली करून पाहिला, मोकळा होता. राहिला इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमध्ये पाणी आत सोडणारी झडप.

आता क्रम. ब्रेकर बंद करा, मग सिंकखालचा गरम पाण्याचा कॉक. मशीनची खालची पट्टी काढा, व्हॉल्व्हखाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा, पान्याने नळी सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते. आमच्या जाळीवर क्षाराचं करडं कवच चढलं होतं. सुईने टोचू नका, जाळी फाटते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. जाळी निघतच नसेल तर सरळ व्हॉल्व्ह बदला. नळी जोडून कॉक हळूहळू उघडा, सांध्याला कोरडा टिश्यू लावून गळती तपासा, मगच ब्रेकर चालू करा.

आणखी एक, फार महत्त्वाचं: मशीन लावण्याआधी सिंकचा गरम नळ पाणी कढत येईपर्यंत सोडा. नाहीतर नळीत साचलेलं गार पाणीच आधी आत जातं आणि पावडर विरघळत नाही. मशीनला साधारण 120 अंश फॅरनहाइटचं, म्हणजे 49 सेल्सिअसचं पाणी लागतं.