गाण्याच्या व्हिडिओत ओठ आणि सूर जुळत नाहीत? शूटिंगच्या दिवशीच या चुका टाळा

गोव्यात गणेश चवथीच्या आधी महिनाभर माझ्याकडे एडिटिंगला आरत्यांचे, अभंगांचे व्हिडिओ येतात. आवाज सुरेल असतो, चित्र स्वच्छ असते, पण गायकाचे ओठ एक म्हणतात आणि गाणे दुसरेच. 'एडिटिंगमध्ये बसवून द्या, दादा,' म्हणून पोरे हार्ड डिस्क ठेवून जातात. चूक मात्र बहुतेक वेळा शूटिंगच्या दिवशीच झालेली असते.

कच्च्या ट्रॅकवर शूट करू नका. सर्वात जास्त काम यानेच बिघडते. डिचोलीच्या एका मंडळीने कच्च्या ट्रॅकवर शूट उरकले आणि नंतर संगीतकाराने लय मिनिटाला ९२ ठोक्यांवरून ९४ वर नेली. ऐकताना फरक कळतही नाही. पण चार मिनिटांच्या गाण्यात तो पाच सेकंदांचा होतो. अंतिम मिक्स हातात आल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

नुसते ओठ हलवू नका, गा. प्लेबॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेले गाणे वाजवून, ओठ हलवण्याची ही रीत जुनी आहे. दर कार्यक्रमाला स्टुडिओत जाणे जमेना, म्हणून बीटल्सनी १९६६ मध्ये 'पेपरबॅक रायटर' या गाण्याच्या फिल्म करून टीव्हीकडे पाठवल्या. दिग्दर्शक होते मायकेल लिंडसे-हॉग. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाली आणि अशा फिल्मचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. प्रेक्षकाचा डोळा मात्र तेव्हापासून गायकाच्या गळ्यावरच आहे. तार सप्तकातला सूर लागताना मानेची शीर ताणली गेली नाही, तर लबाडी लगेच कळते. म्हणून शूटिंगलाही मोकळ्या आवाजात गायला लावा.

स्पीकर कुठे ठेवला ते बघा. केरीच्या किनाऱ्यावर स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गायक लाटांजवळ, तीस मीटरवर, असे नेहमी होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे गायकाला गाणे जवळजवळ नव्वद मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत हा दोन फ्रेमचा फरक, आणि तो डोळ्यांना खुपतो. छोटा स्पीकर गायकाजवळ खडकाआड ठेवला, तर गायक तालात राहतो. पण मग कॅमेऱ्याच्या माइकवरचा आवाज तेवढाच मागे पडतो. तेव्हा त्या आवाजावर विसंबू नका, ओठ बघा. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. 'पांडुरंग'मधला 'प' ज्या फ्रेमला मिटतो, तिथे गाणे बसवा.

तरी जुळत नसेल, तर पहिली आणि शेवटची ओळ तपासा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर क्लिप सरकवली की काम झाले. फरक वाढत जात असेल तर दोष बहुधा मोबाइलचा. त्याचा फ्रेम रेट मध्येच बदलत असतो. अशी फाइल आधी स्थिर पंचवीस फ्रेममध्ये बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा. ब्लूटूथ हेडफोन लावूनही एडिटिंग करू नका. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही बरोबर असलेला शॉट बिघडवून बसता.

स्लो मोशनमध्ये गायचे असेल तर पन्नास फ्रेमवर शूट करा आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवा. पंचवीसवर आणले की ओठ जागेवर येतात. पोलिस या बँडच्या १९८३ च्या 'रॅप्ड अराउंड युवर फिंगर'मध्ये अशीच युक्ती आहे. तालमीशिवाय मात्र हे जमत नाही.

ऐकू येते ते वाद्य दाखवा. याचा मला खरोखर त्रास होतो. ट्रॅकवर पखवाज आणि पडद्यावर घुमट, म्हणजे आपले मडक्याचे वाद्य! घुमटआरतीवर वाढलेला गोवेकर हे दुसऱ्या ठेक्याला ओळखतो. घुमट दाखवायचेच असेल तर डावा हात दाखवा. मडक्याच्या उघड्या तोंडावर तळवा झाकत-उघडत वादक नाद घडवतो. शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कांसाळे (झांजा) यांनाही एकेक जवळचा शॉट द्या.

दर मात्रेला कट नको. भजनी ठेक्यात आठ मात्रा. कट समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊ द्या किंवा ओळीच्या सुरुवातीला. यासाठी प्रत्येक गायक-वादकाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत किमान एक अखंड टेक हवा. तुकड्यातुकड्यांत शूट केलेत तर समेवर नेमका चेहराच सापडत नाही. गोष्ट सांगायची हौस असेल तर ती छोटी ठेवा. दिग्दर्शक केन घोष यांनी १९९५ मध्ये 'मेड इन इंडिया' या गाण्याच्या व्हिडिओत एका राजकन्येची वरनिवड एवढीच गोष्ट घेतली होती, आणि ती पुरली.

ड्रोन उडवण्याआधी नकाशा बघा, दाबोळीचा विमानतळ नौदलाचा तळ आहे. आणि पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा काढलात की लेन्सवर दव धरते. अर्धा तास आधीच बॅग बाहेर ठेवा, तोवर गायकाला सूर लावून घेऊ द्या.