गिटार ॲम्प्लिफायरची दुरुस्ती आणि त्याच्या बांधणीची पारख

गिटार ॲम्प्लिफायर घेताना लोक आवाज ऐकतात, वॉटेज विचारतात आणि तो ‘हँडवायर्ड’ (हाताने वायर जोडलेला) आहे की ‘पीसीबी’वाला (छापील बोर्डचा) यावर हिरिरीने वाद घालतात. दुरुस्तीच्या टेबलावर या वादाचा फारसा उपयोग होत नाही. मार्शल या ॲम्प कंपनीने १९७० च्या दशकातच हाताने जोडलेले बोर्ड सोडून छापील बोर्ड वापरायला सुरुवात केली आणि त्यातले कित्येक ॲम्प आजही वाजत आहेत. उलट हाताने वायरिंग केलेल्या फेंडर कंपनीच्या जुन्या ॲम्पमधले फायबरचे काळे बोर्ड दमट हवेत ओलावा शोषून स्वतःच वीज वाहू लागतात आणि मग कोणताही सुटा भाग बदलला तरी खरखर जात नाही. ॲम्प उघडल्यावर पाहायचे ते इतकेच, की जॅक ओढल्याचा ताण, प्रवासातले धक्के आणि ट्यूबची (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांची) उष्णता हे भार बांधणाऱ्याने पत्र्यावर, म्हणजे धातूच्या चॅसीवर, टाकले आहेत की बोर्डवर. बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात, त्यामुळे दुरुस्ती शिकता शिकता पारखही आपोआप शिकली जाते.

उघडण्यापूर्वी

ट्यूब ॲम्पमध्ये साधारण ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठ्यातले चढउतार गाळणाऱ्या कपॅसिटरमध्ये) साठून राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्यावा, त्याचे एक टोक मगरचिमट्याने चॅसीला जोडावे आणि दुसरे टोक, इन्सुलेशन चढवलेल्या प्रोबला बांधून, कपॅसिटरच्या धन टोकावर टेकवावे. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल तर या जोडीचा कालांक (रिकामे होण्याच्या वेगाचे माप) १ सेकंद येतो, म्हणजे ५ सेकंदांत एक टक्क्याहून कमी व्होल्टेज उरते. तरीही १० सेकंद धरावे आणि मग मीटरने मोजूनच हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करण्याची सवय अनेकांना असते, पण त्यात कपॅसिटरही दुखावतो आणि डोळ्यांनाही धोका असतो. रिकामा केलेला मोठा कपॅसिटर काही मिनिटांत थोडे व्होल्टेज पुन्हा धरतो, म्हणून बंद ॲम्पवर काम चालू असेपर्यंत रेझिस्टर तसाच जोडून ठेवलेला बरा.

आधुनिक हलक्या ॲम्पमधल्या एसएमपीएसची (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याची) गोष्ट वेगळी आहे. त्यातील मुख्य कपॅसिटर थेट मेन्सच्या बाजूला असतो, २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यात सुमारे ३२० व्होल्ट साठतो आणि चॅसीशी त्याचा संबंध नसतो. तो त्याच्याच दोन पायांमध्ये रेझिस्टर धरून रिकामा करावा लागतो. चॅसीशी मोजून ‘शून्य’ आले म्हणून निर्धास्त होणे ही जीवघेणी चूक ठरते. चालू ॲम्पमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात मानू नये.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी निम्मे निदान बाहेरूनच होते. आधी केबल, गिटार आणि स्पीकरची वायर बदलून पाहावी; हे सांगणे पोरकट वाटेल, पण दुरुस्तीला आलेले काही ॲम्प एवढ्यावरच बरे होऊन परत जातात. नंतर मागच्या इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचे इफेक्ट्स जोडण्याच्या वाटेच्या) सेंड आणि रिटर्न या जॅकमध्ये एक छोटी पॅच केबल लावावी. अचानक आवाज भरून आला तर दोष रिटर्न जॅकच्या आतील स्विचच्या पातीवर चढलेल्या गंजाचा आहे, कारण लूप वापरात नसताना सगळा सिग्नल त्या इवल्याशा संपर्कातून जात असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केली की काम होते. आवाज आला नाही तर गिटार थेट रिटर्नमध्ये लावावी. तिथे स्वच्छ वाजली तर पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा भाग) ठीक आहे आणि बिघाड प्रीॲम्पमध्ये (त्याआधी गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात) आहे.

फ्यूज उडाला असेल तर त्याची काच पाहावी. तार मध्येच हलकी तुटली असेल तर तो थकून गेलेला असू शकतो, पण काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर मोठा शॉर्ट झाला आहे. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा आणि त्याच जातीचाच घालावा; मूळ फ्यूजवर ‘टी’ अक्षर असेल तर तो सावकाश उडणारा असतो. पहिल्यांदा चालू करताना ॲम्प सिरीज दिव्यातून, म्हणजे मेन्सच्या वाटेत एकसरीत जोडलेल्या बल्बमधून, चालवावा. यासाठी ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्बच लागतो, एलईडी चालत नाही. ट्यूब काढून ठेवून बटण दाबल्यावर दिवा क्षणभर उजळून मंदावला तर पुरवठा ठीक आहे, आणि तो पूर्ण तेजाने पेटलेलाच राहिला तर रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर यांपैकी काहीतरी शॉर्ट आहे. मंद राहिलेला दिवा पॉवर ट्यूब घातल्यावर पेटला तर संशय ट्यूबवर किंवा बायसवर (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा, याच्या जुळणीवर) जातो. एसएमपीएसच्या ॲम्पवर मात्र हा दिवा फसवतो, कारण कमी व्होल्टेज मिळाल्यावर तो पुरवठा चांगला असूनही चालू-बंद होत राहतो.

आत काय पाहावे

उघडल्यावर सर्वांत आधी फोटो काढावेत, मग डोळे आणि नाक वापरावे. फुगलेले कपॅसिटर, तपकिरी झालेला बोर्ड, जळका वास आणि ढिले झालेले पुश-कनेक्टर यांना मीटर लागत नाही.

खरी नजर लागते ती डागांसाठी, म्हणजे सोल्डरच्या जोडांसाठी. बोर्डवर थेट बसवलेल्या इनपुट जॅकची उलटी बाजू तिरप्या उजेडात धरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिली, की पिनभोवती केसाएवढी बारीक, करडी गोल रेघ दिसते. साध्या डोळ्यांना तो डाग चकचकीत आणि पक्का वाटतो, पण लाकडी काडीने जॅक हळूच दाबला की पिन त्या गोलातल्या गोलात हलते आणि स्पीकरमधून ‘खट्’ असा आवाज येतो. वर्षानुवर्षे गिटारची पिन घालताना-काढताना तेथील सोल्डरवर ताण येत राहिला, त्याचा हा परिणाम असतो. अशा डागाला वरून नुसती गन टेकवून भागत नाही; जुने सोल्डर पंपाने ओढून काढावे, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) लावावा आणि नवा डाग द्यावा. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक बोर्डांवर २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळणारे बिनशिशाचे सोल्डर असते. जुने ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांतच वितळते. याच फरकामुळे कमी ताकदीच्या गनने घाई करणाऱ्याच्या हातून ट्रॅक उखडतो. टोक ३५० अंशांच्या आसपास तापलेले असावे आणि डागावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये.

माझ्याकडे एकदा ५० वॅटचा एक ट्यूब ॲम्प आला होता, जो वीस मिनिटे उत्तम वाजून मग घोगरा होत असे. मालकाने दोनदा सगळ्या ट्यूब बदलल्या होत्या, म्हणजे ॲम्पच्या चांगल्या भागावरच खर्च केला होता. आत ऑप-ॲम्पला (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपला) अधिक आणि उणे १५ व्होल्ट पुरवणारे पाच-पाच वॅटचे दोन पांढरे रेझिस्टर बोर्डला अगदी चिकटवून बसवलेले होते आणि त्यांच्याखालचा बोर्ड करपला होता. तापल्यावर एका पायाचा डाग सुटायचा, दोनपैकी एक पुरवठा जायचा आणि गार झाल्यावर तो पुन्हा जुळायचा. नवे रेझिस्टर बोर्डपासून जवळजवळ एक सेंटिमीटर उंच धरून, पायांना छोटा वळसा देऊन बसवल्यावर तो दोष परत आला नाही. कारखान्यात ती एक सेंटिमीटर उंची ठेवायला काहीच खर्च आला नसता, ही गोष्ट मला आजही खटकते.

मोजमापाच्या बाबतीत काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ५० हर्ट्झची वीज असलेल्या ठिकाणी १०० हर्ट्झची जाड गुणगुण फिल्टर कपॅसिटरकडे बोट दाखवते, तर ५० हर्ट्झची अर्थिंग, हीटर किंवा केबलच्या शील्डकडे. व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर साफसफाईनंतरही राहिली, तर पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) टोकांवर डीसी मोजावा. तो आढळला तर त्याच्या मागचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे जाऊ देऊन डीसी अडवणारा) गळतो आहे आणि बिचाऱ्या पॉटचा काही दोष नाही. पॉवर ट्यूब शॉर्ट होऊन गेली असेल तर तिच्या स्क्रीन ग्रिडचा (ट्यूबमधल्या एका जाळीचा) रेझिस्टर मोजल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, कारण तो बहुधा तिच्यासोबतच गेलेला असतो.

बायस तपासण्यासाठी कॅथोडला (ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर असेल तर काम सोपे होते, कारण त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. ईएल३४ या पॉवर ट्यूबच्या प्लेटची (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाची) मर्यादा २५ वॅट आहे. तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट धरून प्लेटवरच्या ४५० व्होल्टने भागले की सुमारे ३९ मिलिअँपिअर येतात. त्यापेक्षा वर जाऊ नये. आणि ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, कारण उच्च व्होल्टेजचा झटका उलटून आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट दोन्ही जाळू शकतो.

ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये स्पीकर लावण्याआधी आउटपुटवरचा डीसी मोजावा. काही मिलिव्होल्ट ते काही दहा मिलिव्होल्ट ठीक, पण तिथे कित्येक व्होल्ट दिसले तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि स्पीकरची कॉइल जळायला वेळ लागणार नाही. अशा वेळी दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर जोडीने बदलावेत, ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टर तपासावेत आणि ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा पापुद्रा विसरू नये. क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर ॲम्पचे) मॉड्यूल गेले तर सहसा अख्खे मॉड्यूलच बदलावे लागते.

बांधणीची पारख

दुकानात उभ्या उभ्याही बरेच कळते. प्रत्येक पॉट आणि जॅक बोटांनी वर-खाली हलवून पाहावा. नटाने पॅनेलला घट्ट आवळलेला पॉट पत्र्यावर भार टाकतो. नट नसलेला, प्लॅस्टिकचा दांडा असलेला पॉट आपले सगळे ओझे तीन डागांवर टाकतो. मागची जाळी काढता येत असेल तर ट्यूबचे सॉकेट पत्र्याला स्क्रूने बसवून वायरने जोडलेले आहेत की थेट मुख्य बोर्डवर आहेत, हे पाहावे. कॉम्बो ॲम्पमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या) ट्यूब बऱ्याचदा उलट्या टांगलेल्या असतात आणि त्यांची उष्णता वर, नेमकी बोर्डकडेच जाते. ईएल८४ सारख्या तापणाऱ्या ट्यूब बोर्डवर उलट्या लटकत असतील, तर काही वर्षांनी सॉकेटभोवतीचे डाग पुन्हा द्यावे लागतील असे गृहीत धरावे. त्याला मी लगेच वाईट म्हणणार नाही, पण सॉकेटसाठी वेगळा छोटा बोर्ड दिला असेल तर बांधणाऱ्याने विचार केला आहे, असे समजतो.

बोर्ड १.६ मिलिमीटर जाडीचा, फायबरग्लासचा आणि छिद्रांच्या आतूनही तांबे चढवलेला असावा. तपकिरी कागदी बोर्डवरचे तांबे दुसऱ्या-तिसऱ्या दुरुस्तीतच उखडू लागते. फिल्टर कपॅसिटर १०५ अंशांचे असतील तर उत्तम, कारण ढोबळ नियमानुसार तापमान १० अंशांनी कमी झाले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. त्यांवरचे व्होल्टेजही वाचावे. ४४० व्होल्टच्या जागी ४५० व्होल्टचा कपॅसिटर लावणे म्हणजे काठावर उभे राहणे आहे. अर्थिंगची वायर स्वतंत्र बोल्टला, दातेरी वॉशरसह आवळलेली असावी. ती ट्रान्सफॉर्मरच्याच बोल्टखाली दडपली असेल, तर बाकीच्या कामाबद्दलही माझा विश्वास कमी होतो.

मला सर्वांत बोलकी वाटणारी कसोटी मात्र वेगळीच आहे: एक रेझिस्टर बदलायला किती स्क्रू काढावे लागतात? काही ॲम्पमध्ये खालचे झाकण उघडले की बोर्डची डागांची बाजू समोर येते आणि दहा मिनिटांत काम संपते. काहींमध्ये सगळे नॉब, सगळे नट, सगळे जॅक सोडवून, चपट्या रिबन केबल जपत बोर्ड उचलावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्या केबलच्या मुळाशी एखादी तार तुटते. पहिल्या प्रकारचा ॲम्प छापील बोर्डचा असला तरी घ्यावा. दुसऱ्या प्रकारच्या ॲम्पमध्ये महागडे सुटे भाग घातले असले, तरी ते बदलण्याची मजुरी त्यांच्या किमतीहून जास्त होते.

दुरुस्तीनंतर ॲम्प ८ ओहम, १०० वॅटच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडायच्या मोठ्या रेझिस्टरवर) अर्धा तास चालवावा आणि बायस पुन्हा मोजावा. नंतर चॅसी कॅबिनेटमध्ये बसवून, सर्व स्क्रू आवळून, खऱ्या स्पीकरवर आणखी अर्धा तास वाजवावा आणि मधूनमधून कॅबिनेटवर मुठीने ठोकत राहावे, कारण उघड्या टेबलावर गार राहणारा डाग बंद पेटीत तापल्यावरच सुटतो.