देवगिरी सकाळी, मकबरा संध्याकाळी: संभाजीनगरच्या एका दिवसाची तयारी

आमच्या परभणीच्या भिशीत बारा जणी आहोत. दिवाळी झाली की कुणाची ना कुणाची सून, नणंद, नाहीतर पुण्याहून आलेली नातवंडं संभाजीनगर बघायला निघतात आणि फोन मला येतो. "काकू, सोबत काय काय घ्यायचं?" पिशवीचं सांगतेच, पण त्याच्याआधी काय काय सोडायचं ते ठरवा. टूरवाल्याच्या कागदावर दौलताबाद (म्हणजेच देवगिरी), खुलदाबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की, बीबी का मकबरा आणि वरून हिमरूचं दुकान अशी सात ठिकाणं असतात. दिवस मात्र एकच. देवगिरीचा किल्ला माथ्यापर्यंत चढून उतरायचा तर तीन तास धरा. वेरूळला तेवढेच. शहरापासून वेरूळ तीसेक किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यात दोन तास गेले. जेवण, चहा आणि हरवलेली चप्पल शोधणं यांचा हिशेब अजून मांडलेलाच नाही.

मी काय करते ते सांगते. किल्ला अर्धा, वेरूळ निवडक, मकबरा निवांत. बाकीचं वाटेत जमलं तर. तुमच्यातले सगळे चाळिशीच्या आतले असतील तर किल्ला पुरा चढा आणि लेणी दोनच बघा. काय ते आदल्या रात्री बसून ठरवा. गाडीत मतदान घेतलं की भांडणं होतात.

वार आधी बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात (अजिंठ्याची सोमवारी, त्या दोन वारांची गल्लत करू नका). हे मला माहीत होतं, पण एकदा टूर ठरवणाऱ्याने "सगळं चालू आहे, काळजी करू नका" म्हणून पैसे घेतले आणि मंगळवारी आम्हाला बंद फाटकासमोर नेऊन उभं केलं. घृष्णेश्वराचं दर्शन झालं आणि गाडीजवळ बसून धपाटे खाल्ले. सासूबाई म्हणाल्या, "देवाने बोलावलं होतं, लेण्यांनी नाही." पैसे काही परत मिळाले नाहीत. दुसरं म्हणजे श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराची रांग दिवस खाऊन टाकते. श्रावणातल्या शनिवारी खुलदाबादच्या भद्रा मारुतीला शहरातून रातोरात पायी निघालेली माणसं रस्ताभर असतात. बघायला छान वाटतं, पण गाडी पुढं सरकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. एप्रिल-मे महिन्यात आपल्या मराठवाड्याचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला काय सांगणार! पावसाळ्यात वेरूळचा डोंगर हिरवागार होतो, एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा पडतो, पण काळा दगड निसरडा होतो. गुळगुळीत तळव्यांच्या चपला घालणाऱ्या वहिनींना तेव्हा घरीच ठेवा.

गाइड ठरवताना मी चार गोष्टी विचारते. गळ्यात परवान्याचं ओळखपत्र आहे का? तासांवर पैसे की ठिकाणांवर? तिकिटं त्यात धरली आहेत का? आणि मराठीत सांगाल का? चौथं महत्त्वाचं. हिंदीत ऐकलेलं पोरं लगेच विसरतात आणि आजी तर ऐकतच नाहीत. दुकानाचं त्याच वेळी मिटवा. "दुकान शेवटी, आणि हातमाग चालू असेल तरच." हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमाची नक्षी. हातमागावर विणणारे हात आता थोडेच उरलेत. माग चालताना बघायला मिळाला तर अर्धा तास सत्कारणी लागतो. नुसत्या घड्या उलगडून दाखवणार असतील तर शहरातली आपली गुलमंडीची बाजारपेठ काय वाईट?

तिकिटं पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर आधी काढून ठेवली की सकाळची रांग वाचते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पण आमच्या एका नातवाला चौदाव्या वर्षीच मिसरूड फुटलं, त्यामुळे दारावर त्याचं आधार कार्ड दाखवावं लागलं. ओळखपत्रं सगळ्यांचीच घ्या. हॉटेलची खोली शोधताना शहराचं जुनं नावही टाकून बघा.

निघायचं सकाळी सातच्या आत. परभणीहून रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटर येऊन त्याच दिवशी किल्ला चढायचा अट्टहास करू नका. आदल्या दिवशी मुक्कामाला या. देवगिरी एक्सप्रेसने आलात तर किल्ल्याच्या नावाच्या गाडीतून उतरल्याचं समाधान फुकट.

किल्ला सकाळीच करायचा. नंतर दगड तापतो आणि चढ अंगावर येतो. पाण्याची मोठी बाटली प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात, सामाईक पिशवीत नाही. लिंबू-साखर-मीठ एका डबीत. खायचं गाडीत ठेवा, किल्ल्यावर माकडं आहेत आणि त्यांना पिशवीची चेन उघडता येते. बायकांनी दाराशीच सगळं उरकून घ्यावं, वर सोय शोधत बसू नये. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या, लाजू नका. विजेरी हवीच, मोबाइलची नको. किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारात एका हातात काठी आणि दुसऱ्याने भिंत धरायची असते, मोबाइल खाली पडला की गेला. विजेरी पुढच्या माणसाकडे आणि मागच्याकडे, अशा दोन.

अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून कोरलेला वळणावळणाचा काळोखा रस्ता. शत्रू आत आला की दिशाच हरवावी अशी त्याची रचना. गाइड इथे रंगात येतो. खंदकातल्या मगरी तर दरवेळी वाढतात, माझ्या पहिल्या फेरीत दोनच होत्या. ज्यांना दम लागतो, ज्यांना वटवाघळांच्या वासाने मळमळतं, त्यांनी अंधारीच्या अलीकडेच थांबावं, आणि हे आधी ठरवून ठेवावं म्हणजे आत जाऊन माघारी फिरायची वेळ येत नाही. अलीकडेही पुष्कळ आहे. यादवांच्या भिल्लमाने बाराव्या शतकात वसवलेली ही राजधानी. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी इथेच चालून आला आणि १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली. पंधराव्या शतकातला बहमनी चांद मिनार खालूनच बघायचा, आत चढू देत नाहीत. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशहा कैदेत होता. मेंढा तोफ बघा, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे.

भारतमाता मंदिरात मात्र गाइडला घाई करू देऊ नका. तिथले खांब बघा, जुन्या देवळांचे आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या खांबांवर मशीद उभी राहिली, आणि हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. शाळेत १७ सप्टेंबरला झेंडावंदन करणाऱ्या मुलांना याच अंगणात उभं करून मुक्तिसंग्राम सांगावा. सभागृहातल्या भाषणापेक्षा जास्त लक्षात राहतो.

पैशांचा हिशेब एकीकडेच ठेवा. सामाईक पाकीट, एक वही, एक माणूस. गाइड, चहा, चप्पल सांभाळणारा, दर्ग्यातली पेटी, सगळीकडे सुटे पैसे लागतात. दहा-वीसच्या नोटा आदल्या दिवशी मोडून आणा. किल्ल्यावर हे सांगायला एक निमित्त आहे. जनार्दन स्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि पैठणहून त्यांच्याकडे आलेल्या एकनाथांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. हिशेबात एक पै लागत नव्हती म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. आमच्या भिशीची खजिनदार दरवेळी त्याच गोष्टीचा दाखला देऊन माझ्याकडून चहाचे पैसे वसूल करते. स्वामींची गुहा वर आहे, माथ्याकडे जाणाऱ्यांनी तिथे थांबावं.

खुलदाबादला गाडी वळवायची असेल तर मोजके दागिने घाला, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल हवा, आणि मोजे. मोजे ही माझी सगळ्यात उपयोगी सूचना. दर्गा काय, देऊळ काय, चप्पल काढून तापलेल्या फरशीवर चालताना पाय भाजतात, आणि पातळ सुती मोजे पिशवीच्या कोपऱ्यात मावतात. औरंगजेबाची कबर इथेच आहे, त्याच्याच इच्छेप्रमाणे साधी आणि उघड्यावर. मला मात्र मलिक अंबरच्या कबरीचं जास्त वाटतं. हबशी देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला आणि १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचं शहर. शहर ज्याने वसवलं त्याच्या कबरीकडे टूरची गाडी क्वचितच जाते. बघायची असेल तर गाइडला सकाळीच सांगून ठेवा.

वेरूळ दुपारी. याला कारण आहे. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, ऊन कललं की उजेड आत शिरतो आणि मूर्तींच्या नाकाडोळ्यांत जीव येतो. सकाळी तीच लेणी काळोखी वाटतात. एकूण ३४ लेणी, पहिली १२ बौद्ध, मग १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन. सगळी बघणार म्हणणारे एकाही लेण्यात पाच मिनिटं बसत नाहीत. मी चार घेते. दहावं, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात. दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत, त्याखाली उभं राहून हळू आवाजात काहीतरी म्हणा आणि ऐका. बारावं तीनमजली. बत्तिसावं, इंद्रसभा, तिथे वरच्या मजल्यावरचं छत मान मोडेस्तोवर बघा. आणि सोळावं, कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. ते बघताना आधी बाजूच्या डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. हे देऊळ बांधलेलं नाही, कळसापासून पायथ्याकडे कोरत नेलं आहे, हे वरूनच समजतं. गाइड सरळ दारातून आत नेतो, कारण चढायचा त्यालाही कंटाळा येतो. गोड बोलून वर न्या.

घृष्णेश्वराला पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगाने जावं लागतं. तेव्हा बटणांचा सदरा घाला, डोक्यातून काढायचा घट्ट टीशर्ट नको. आमच्या भाऊजींचा त्या रांगेत अडकला होता आणि मागचे लोक "हर हर महादेव" म्हणत मदतीला धावले. मोबाइल आत चालत नाही. सगळे फोन गाडीत एका पिशवीत, आणि देवळाबाहेर भेटायची जागा आधी ठरलेली. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला आणि वेरूळ हे भोसल्यांचं गाव, एवढं पोरांना रांगेतच सांगून टाका.

जेवण धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, गाडीतच. बाहेर खाणाऱ्यांसाठी शहरातला नान-खलिया आहे, पण तो रात्रीसाठी राखा. दुपारी खाल्लात तर वेरूळला झोपाल.

परतताना पाणचक्की. मकबऱ्याआधी पाऊण तास पुरे. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, भिंतीवर चढवून खाली सोडलं आणि त्या धारेवर जातं फिरवलं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी इथे पीठ दळलं जाई. हौदाच्या तळाखाली थंडगार दालन आहे, ते गाइडला विचारून बघाच. जवळच महमूद दरवाजा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, त्यातले दोन-तीन गाडीतून दिसले तरी खूप. त्यात भडकल दरवाजा चुकवू नका, तो मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयासाठी बांधलेला.

मकबरा शेवटी, उन्हं उतरल्यावर. किती वाजेपर्यंत आत सोडतात ते त्या दिवशी सकाळीच विचारून ठेवा. १६५७ साली वारलेल्या औरंगजेबाच्या पत्नीची, दिलरस बानू बेगमेची, ही कबर. "गरिबांचा ताज" म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो. संगमरवर खालच्या भिंतीला आणि घुमटाला, मधल्या भागाला गिलावा, आणि त्या गिलाव्यावरची नक्षी जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. खर्च ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे असा नोंदलेला आहे. ते ७ आणे आमच्या खजिनदारबाईंना फार आवडतात. मुख्य दारावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावं कोरली आहेत, गाइडला बोट ठेवून दाखवायला सांगा. मग गाइडला पैसे देऊन मोकळं करा, आणि बागेत कारंज्याच्या कडेला अर्धा तास कुणी काही न सांगता बसा. पाय सुजलेले असतात, त्यासाठी गाडीत एक जुनी सैल चप्पल ठेवलेली बरी.

आणि डब्यात दोन धपाटे मुद्दाम उरवा. परतीच्या गाडीत जालना येईस्तोवर कुणीतरी विचारतंच.